रजा तोंडी मंजूर

कामगार कायद्यातलं एकही कलम धड न ठेवणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत, कारण माझं पोटच त्यांच्यावर चालतं. पण ही सगळी कलमं निव्वळ मायेपोटी मोडणारा मालक अख्ख्या बंगळुरात एकच असावा आणि तो नेमका माझा साडू निघावा, याचा दोष नशिबाला द्यावा की बायकोच्या माहेराला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लबाड मालकाला ताळ्यावर आणणं सोपं असतं. त्याच्यापुढे दंडाचा आकडा ठेवला की त्याचा चेहरा उतरतो आणि तो मुकाट्याने सांगाल तिथे सही करतो. प्रेमळ मालकाचा चेहरा उतरत नाही. तो तुमचं सगळं ऐकून घेतो, ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणतो, तुमच्यासाठी कॉफी मागवतो, आणि तुम्ही जिना उतरून खाली पोचायच्या आत पुन्हा तोच गुन्हा करून मोकळा होतो.

मी मूळचा पुण्याचा. बंगळुरात एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि नव्या-जुन्या कंपन्यांना पगार, रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी या प्रकरणांत कोर्टाची पायरी चढावी लागू नये म्हणून सल्ला विकतो. माझे साडू इथले, आणि इथले म्हणजे अगदी कित्येक पिढ्या बंगळुरात रुजलेले मराठी. त्यांचं मराठी ऐकताना मला पहिली दोन वर्षं मधूनमधून बायकोच्या तोंडाकडे बघावं लागायचं. चिकपेटच्या एका बोळात, कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर, त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. वीस-पंचवीस बाया मशीनवर आणि एक इस्त्रीवाला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. ते मला ‘पुणेकर’ म्हणतात, आणि मी काही कायद्याचं बोललो की त्या शब्दावर जरासा जोर देतात. घरचा माणूस असताना बाहेरचा सल्लागार कशाला, असं माझ्या बायकोने एका जेवणात जाहीर केलं आणि तेव्हापासून मी अण्णांचा बिनपगारी सल्लागार आहे. बिनपगारी राबवून घेणं हाही कायद्याने गुन्हाच, पण तो मुद्दा मी घरात कधी काढलेला नाही.

सुरुवात नावांपासून झाली. भविष्यनिर्वाह निधीत प्रत्येकीचं नाव चढवायचं होतं. ते काम अण्णांनी मोठ्या हौसेने स्वतः केलं आणि केल्यावर मला कळवलं. पुढे एका बाईने मुलीच्या लग्नासाठी त्यातले पैसे मागितले तर अर्ज परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला. मी जाऊन पाहतो तो सगळ्या नावांना ‘अक्का’ लावलेलं. लक्ष्मक्का, सरोजक्का, पार्वतक्का. आधार कार्डावर साधी लक्ष्मी आणि निधीच्या खात्यात लक्ष्मक्का, म्हणजे सरकारच्या लेखी दोन वेगळ्या बाया. मी कपाळावर हात मारला. अण्णा म्हणाले, वयाने मोठ्या बायकांचं नुसतं नाव लिहायला हात धजत नाही. लहान होत्या त्यांची नावं नुसती लिहिलीत ना, असं मी विचारलं, तर म्हणाले की त्यांच्यापुढे ‘पुट्टी’ लिहिलंय, कारण त्या लेकीसारख्या. ही लाडाची नावं सरकारी खात्यातून काढायला मला जेवढे हेलपाटे पडले, तेवढे एखाद्या मोठ्या कंपनीचा संप मिटवायलाही पडले नसते.

रजेचं तर विचारूच नका. कायदा म्हणतो, कामगाराने रजा मागावी, मालकाने द्यावी किंवा नाकारावी आणि दोन्हीची नोंद ठेवावी. अण्णांकडे रजा मागायची पद्धतच नव्हती, कारण ते आपण होऊन देत. सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते एकेकीचा चेहरा बघत आणि दोघी-तिघींना तिथूनच घरी पाठवत. एखादी बिचारी फक्त मेट्रोत उभी राहून आलेली असायची म्हणून घामेजलेली, तीही परत जायची. एकदा एका बाईने माझ्याकडे तक्रार केली की ती ठणठणीत असून तिला आठवड्यात दोनदा घरी पाठवलं, आता सासू विचारते की खरंच कामाला जातेस ना. मी अण्णांना समजावलं की मालकाने जबरदस्तीने दिलेली रजा ही रजा नसून कामबंदी ठरू शकते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “रजा विचारायला लाज वाटते हो बायकांना. मग मीच देऊन टाकतो, त्यात काय म्हणून एवढं?” कन्नडातही रजेला रजाच म्हणतात. त्यामुळे या एका बाबतीत तरी भाषेचा गोंधळ नव्हता, गोंधळ सगळा अण्णांचा होता.

मे महिन्यात शाळांचे गणवेश द्यायची घाई असते, तेव्हा बाया उशिरापर्यंत थांबतात. जादा वेळेचा मोबदला दुप्पट द्यावा लागतो, असं मी त्यांना बजावून गेलो. आठ दिवसांनी विचारलं तर छाती पुढे काढून म्हणाले, दिलं की दुप्पट. चौकशी केली तेव्हा कळलं की पूर्वी थांबणारीला एक मसाला दोसा मिळायचा, आता दोन मिळतात. बोनसची तीच कथा. गौरी-गणपतीला प्रत्येक बाईला आवडीची साडी घ्यायची आणि तोच बोनस, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्यासाठी ते सगळ्यांना घेऊन खालच्याच घाऊक दुकानात उतरत, आणि पंचवीस जणींच्या पंचवीस साड्या पसंत होईस्तोवर कारखाना दिवसभर बंद. बोनस साडीत देता येत नाही, रोख द्यावा लागतो, हे मी सांगितलं. त्यांनी दोन्ही दिलं. वर मला विचारलं की इस्त्रीवाल्याला साडी देता येत नाही, तर त्याच्याबद्दल तुमच्या कायद्यात काय लिहिलंय. आणि ज्या बाईचा नवरा पगार पिऊन टाकायचा, तिचा अर्धा पगार अण्णा स्वतःच्या कपाटात ठेवत आणि लागेल तसा देत. ही बेकायदा कपात आहे, तिने उद्या तक्रार केली तर तुम्ही आत जाल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तक्रार नवऱ्याने केली होती, तिने त्याला लाटण्याने गप्प केलं. शेवटी मीच तिचं बँकेत वेगळं खातं उघडून दिलं. म्हणजे आता त्या कटात मीही आलो.

पण खरी ठिणगी पडली ती नेमणूकपत्रांवरून. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं म्हणून मी एक छान मसुदा करून दिला. अण्णांनी तो चष्मा लावून वाचला, पगाराचं कलम ठेवलं, सुट्ट्यांचं ठेवलं, आणि नोकरी कशी संपेल ते सांगणारा अख्खा परिच्छेद लाल शाईने खोडला. राजीनामा, सूचनेचा कालावधी, कमी करणं, सगळंच खोडलं. मी भांडलो. म्हटलं, हे नसेल तर कोण नोकरीत आहे आणि कोण नाही हेच कळणार नाही. त्यावर ते म्हणाले, “पुणेकर, लग्नाच्या पत्रिकेत कोणी काडीमोडाची तारीख छापतं काय?” बायका मशीन थांबवून हसल्या आणि माझा मसुदा तिथेच बारगळला.

आणि मग तेच झालं. एका मोठ्या शाळेने, म्हणजे जिच्या कामावर कारखान्याचं निम्म्याहून जास्त वर्ष चालतं तिने, कळवलं की यंदापासून ज्यांचे कामगारांचे कागद स्वच्छ असतील त्यांनाच गणवेशाचं काम मिळेल. तपासायला माणूस येईल. अण्णांना पहिल्यांदाच थोडी काळजी वाटलेली मला दिसली, स्वतःची नव्हे तर बायांची, कारण हे काम गेलं तर निम्म्या मशीन थांबल्या असत्या आणि चेहरा बघून कोणाला घरी पाठवायचं हे ठरवण्याचं सुख राहिलं नसतं. मी माझी सगळी कामं बाजूला ठेवून आठवडाभर त्यांच्या कारखान्यात ठाण मांडलं. पगार जुळले, निधी जुळला, दोशांचं रूपांतर पैशांत झालं. एकच नाव जुळेना. रत्नम्मा.

रत्नम्मा कॉलर बसवायची. अण्णांच्या सगळ्यात जुन्या बायांपैकी एक. ती मुलीच्या बाळंतपणासाठी तुमकूरला गेली होती आणि ते बाळ आता रांगायला लागलं होतं, तरी रत्नम्माचं नाव हजेरीत महिन्यामागून महिने चालूच होतं. पगार शून्य आणि पुढे अण्णांच्या हातचा ‘रजा’. मी विचारलं की ही बाई नोकरीत आहे की सोडून गेली. अण्णा म्हणाले, रजेवर आहे. अर्ज कुठे आहे? नाही. किती दिवसांची रजा दिली होती? तसं काही ठरलं नव्हतं. मग तुम्ही नेमकं काय बोललात, आठवून सांगा, मी म्हटलं. ते म्हणाले, ती पाया पडली, मी ‘होगि बा’ म्हटलं, ती ‘बर्तीनि’ म्हणाली.

इथे माझा तोल सुटला. कन्नड मला बेताचंच येतं, पण एवढं कळतं. होगि बा म्हणजे जाऊन ये, बर्तीनि म्हणजे येते. आणि निघताना इथे जो तो बर्तीनिच म्हणतो, भाजीवाल्याकडून निघताना म्हणतो, दवाखान्यातून निघताना म्हणतो, कारण ‘जाते’ म्हणणं अशुभ. आपण मराठीतही ‘येतो’ म्हणूनच निघतो. त्याचा अर्थ परत येण्याचं वचन असा कोणी घेतो का? मी अण्णांना सांगितलं की एवढ्या दिवसांत जी आली नाही तिने नोकरी सोडली असं धरा, तिची ग्रॅच्युइटी द्या आणि नाव काढा. तपासणीला आलेला माणूस या नावाला बोगस कामगार म्हणेल आणि एका शब्दापायी सगळ्यांचं काम जाईल. तासभर मी त्यांना परोपरीने समजावलं. ते खिडकीतून खाली चिकपेटच्या गर्दीकडे बघत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, “ती येते म्हणालीय. मी तिला गेली असं कसं लिहू?” मी पिशवी उचलली आणि घरी जाऊन बायकोला स्वच्छ सांगितलं की तुझ्या बहिणीच्या नवऱ्यापुढे मी हात टेकले. ती म्हणाली, आमच्या घरात ते सगळ्यांनीच टेकलेत, तुम्ही जरा उशिरा टेकलेत.

तपासणीला आली ती एक तरुण बाई. इथलीच, कन्नड बोलणारी, अतिशय कमी हसणारी. तिने दोन तासांत सगळं पाहिलं आणि बोट ठेवलं ते बरोबर रत्नम्मावर. पगार नाही, अर्ज नाही, तरी नाव चालू, हे काय आहे? मी माझं वकिली स्पष्टीकरण सुरू करणार, तोच अण्णांनी सगळा प्रकार जसाच्या तसा सांगून टाकला. होगि बा आणि बर्तीनि, पाया पडण्यासकट. मी डोळे मिटून घेतले. त्या बाईने लिहिणं थांबवलं आणि विचारलं, हे शब्द ऐकलेलं आणखी कोणी आहे का. साऱ्या मशीन थांबल्या आणि पाच-सहा जणींनी हात वर केले. ती म्हणाली, मग रत्नम्मांनाच विचारू, त्या येणार आहेत का.

फोन मेजावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून रत्नम्माचा आवाज आला, मागे बाळाचा. अण्णांनी आधी जेवलीस का विचारलं, बाळाचं विचारलं, पावसाचं विचारलं. मूळ प्रश्न त्यांना विचारवेना. शेवटी त्या बाईनेच विचारला. रत्नम्मा कन्नडातून हळू आवाजात जे म्हणाली त्याचा अर्थ असा की, दोन वर्षांपासून सुईचं नेढं दिसत नव्हतं. शेजारची दोरा ओवून द्यायची आणि ती अंदाजाने कॉलर बसवायची. जाताना तिला ठाऊक होतं की आता परत यायचं नाही. “पण अण्णा, तुम्ही होगि बा म्हणालात. तुमच्यापुढे जाते म्हणायला जीभ वळली नाही, म्हणून बर्तीनि म्हटलं. रोज वाटायचं फोन करून सांगावं. सांगितलं असतं तर खरंच संपलं असतं.”

सगळ्यांचे चेहरे वाचणाऱ्या या माणसाला इतकी वर्षं समोर बसलेल्या बाईचे डोळे कळले नव्हते, आणि ते त्यांना फार लागलं, हे मला दिसत होतं. मला त्यांची कीव आली. माझा सगळा राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

तपासणीवाली बाई मात्र लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं की मालकाने साक्षीदारांसमोर तोंडी रजा मंजूर केली, मुदत घातली नाही, मालकाने किंवा कामगाराने नोकरी संपल्याचं आजपर्यंत कळवलं नव्हतं, म्हणून आजपर्यंत नोकरी अखंड, आणि आजच्या तारखेपासून संपली. यापुढे मात्र रजेचे अर्ज लेखी घ्या, एवढा शेरा मारून तिने कागद स्वच्छ म्हणून सही केली. काम वाचलं. मी घरी जाऊन कायद्याची पुस्तकं चाळली. ती बरोबर होती. मी सांगितलं तसं रत्नम्माला आधीच्या तारखेने काढून टाकलं असतं, तर तिची ग्रॅच्युइटी एका वर्षाने कमी भरली असती आणि अण्णा ती उशिरा दिल्याच्या व्याजातही अडकले असते. कायद्याच्या बाबतीत अण्णा आयुष्यात एकदाच बरोबर ठरले आणि नेमका त्या दिवशी त्यांना त्याचा काडीचा आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तुमकूरला गेले आणि रत्नम्माला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू काढता येईल पण मशीनवर बसण्याइतकी नजर येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी रजेच्या अर्जाचे छापील कागद करून दिले. अण्णा ते वापरतात, पण कडू औषध घ्यावं तसे. परवा मी तिथे बसलो असताना काज-बटणं करणारी शिल्पा आली. तिला आठवा महिना होता. तिने बाळंतपणाच्या रजेचा अर्ज पुढे केला. अण्णांनी तो नीट वाचला, तारखा पाहिल्या, सही केली. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग कागद तिच्याकडे परत देताना त्यांनी विचारलं, “पोरी, खरं सांग. तू परत येणार ना?”

बाळंतपणाला निघालेल्या बाईला मालकाने हा एक प्रश्न कधीही विचारू नये, असं मी गेली कित्येक वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांत सांगत आलो आहे. यावरून खटले होतात. उद्या तिला कमी केलं तर हाच प्रश्न पुरावा म्हणून मांडला जातो. मेजाखालून अण्णांच्या पायाला पाय लावायला मी पाय उचललाही होता. तो तसाच खाली ठेवला. शिल्पाने पिशवी खांद्याला लावली, हसली, “बर्तीनि अण्णा” म्हणाली आणि एका हाताने कठडा धरून जपून जिना उतरू लागली.

तिची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. म्हणाले, “पुणेकर, हे उत्तर झालं की निरोप झाला?”

कायद्यात याचं काही सांगितलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, “उत्तर झालं, अण्णा.”